समुपदेशनाची पदवी आणि पन्नास क्विंटल धान

सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज म्हणजे नेमके किती, हे पुण्या-मुंबईत रुपयांत सांगून भागते. बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीत तेच धानात सांगितले की लवकर उमगते. मानसशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी फी, वसतिगृह आणि खानावळ धरून दरवर्षी तीन लाख उचलले, व्याजदर १० टक्के धरला, शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता न भरता व्याज नुसते साचू दिले, तर पहिला हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्ज साडेसात लाखांवर गेलेले असते. ते दहा वर्षांत फेडायचे म्हणजे महिन्याला सुमारे ९,९०० रुपये. २०२५-२६ च्या खरिपासाठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. त्या भावाने हा हप्ता दरमहा चार क्विंटलांहून अधिक होतो, वर्षाला पन्नास क्विंटल. बऱ्या जमिनीत एकरी पंधरा-वीस क्विंटल पिकते असे धरले, तर तीन एकरांतला दाणा न् दाणा दहा वर्षे बँकेत जाणार. बी, खत, रोवणी आणि मळणीचा खर्च अजून वजा केलेलाच नाही.

मग पदवी हातात आल्यावर महिन्याला किती मिळते? कर्जाचा हप्ता त्यात बसतो का? आणि बसत नसेल तर दोष पदवीचा, कर्जाचा की तिसऱ्याच कशाचा? समुपदेशन मानसशास्त्र हा विषय घेऊन एम. ए. किंवा एम. एस्सी. करू पाहणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. करोनानंतर मनाच्या आजारांबद्दल बोलणे वाढले, मोबाइलवर त्याची चर्चा गावोगाव पोचली आणि बारावीनंतर ‘सायकॉलॉजी’ घेईन म्हणणाऱ्या मुली कटंगी-वारासिवनीतही दिसू लागल्या. त्यांच्या घरच्यांना या प्रश्नाचे सरळ उत्तर हवे आहे.

सीमेवरचे गाव

कटंगीचे स्थान या हिशेबात महत्त्वाचे आहे. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला आणि पुढे नागपूरच्या प्रशासनाशीच बांधलेला राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली तरी माणसांची ये-जा नागपूरकडेच राहिली. दवाखाना, कपडालत्ता, सोयरीक, शिकवणी, सगळ्यासाठी नागपूर. तिरोडीच्या मॅंगनीज खाणी जवळच आणि त्या चालवणाऱ्या मॉयल कंपनीचे मुख्यालयही नागपूरलाच. कटंगी ते तिरोडी हा रेल्वेचा तुटलेला दुवा जोडला गेल्यावर महाराष्ट्रातले तुमसर आणि नागपूर आणखी जवळ आले. घरात पोवारी किंवा मराठी, शाळेत हिंदी, बाजारात तिन्ही अशी इथली भाषा.

शिक्षणाच्या खर्चात मात्र सीमा आडवी येते. जिल्ह्यातली महाविद्यालये आधी जबलपूरच्या विद्यापीठाला आणि २०१९ पासून छिंदवाड्याच्या नव्या विद्यापीठाला जोडली गेली. नागपूर विद्यापीठ १९२३ पासूनचे आणि जवळचे, पण तिथे कटंगीचा विद्यार्थी परराज्यातला ठरतो. महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना राज्याचा अधिवास लागतो. तुमसरच्या मुलीला जी सवलत मिळू शकते, ती कटंगीच्या मुलीला त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून मिळत नाही.

‘समुपदेशन’ हा शब्दही इथे ओळखीचा नाही. हिंदी जाहिरातीत ‘परामर्शदाता’ असते आणि ‘काउन्सलिंग’ म्हटले की लोकांना आधी नीटची किंवा बी. एड. ची प्रवेशफेरी आठवते. ज्या सेवेला गावात अजून नाव मिळालेले नाही, तिचे पैसे मागणे किती अवघड असेल याचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो.

गरज आहे, यात शंका नाही

या विषयाकडे मुले वळतात ती गरजेचे आकडे ऐकून, आणि ते आकडे खरे आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्यांत ते झाले. मध्य प्रदेश त्यांत होता, महाराष्ट्र नव्हता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ पाऊणच आहे असा हिशेब नेहमी दिला जातो. २०११ च्या जनगणनेत सतरा लाख लोकसंख्या असलेल्या बालाघाटला या सरासरीने तेरा डॉक्टर यावेत; पण सरासरी मोठी शहरे ओढून नेतात, हे वेगळे सांगायला नको.

विद्यार्थ्यांबद्दलचा आकडा जास्त बोचणारा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. महाराष्ट्र, तमिळनाडू आणि मध्य प्रदेश ही त्यात पहिली तीन राज्ये. म्हणजे त्यांत कटंगीच्या दोन्ही बाजूंची राज्ये आली.

एवढी गरज असेल तर उत्पन्न आपोआप येईल, असे घरच्यांना वाटते आणि तिथेच गणित चुकते. शेतात पाण्याची गरज असते म्हणून कालवा येत नाही. कुणीतरी तो मंजूर करावा लागतो, खोदावा लागतो. मनाच्या सेवेतही गरज आणि पगार यांच्यामध्ये तीन गोष्टी असाव्या लागतात: कायद्याने ओळखलेला व्यवसाय, मंजूर पद आणि फी देऊ शकणारा माणूस. समुपदेशनाच्या पदवीपाशी या तिन्ही अजून अर्ध्याच आहेत.

पदवी कायद्याला कोण म्हणून दिसते?

भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणून काम करायचे तर या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे एम. ए. नंतरची दोन वर्षांची एम. फिल. हा मुख्य रस्ता राहिला. जागा थोड्या, स्पर्धा भयंकर. नव्या शैक्षणिक धोरणात एम. फिल. बंद झाली, जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने चिकित्सा मानसशास्त्र आणि मानसोपचार समाजकार्य या दोन शाखांपुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली.

समुपदेशन मानसशास्त्राची एम. ए. मात्र या नोंदवहीत थेट नेऊन बसवत नाही. म्हणजे पाच वर्षे मानसशास्त्र शिकलेल्या मुलीला ‘मी समुपदेशक आहे’ म्हणता येते, आणि आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र घेतलेल्यालाही तीच पाटी लावता येते. ग्राहकाला फरक कळायला साधन नाही. सोन्यावर हॉलमार्क नसेल तर सोने आणि मुलामा एकाच काचेमागे ठेवला जातो. इथे भावाचे तसेच झाले.

हे बदलावे म्हणून २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्य विज्ञानाचा गट आहे आणि मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय समाजकार्यकर्ते त्यात मोडतात. राज्यांनी आपापल्या परिषदा स्थापून नोंदणी सुरू करायची होती. काम इतके रेंगाळले की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्यासाठी खडसावले.

याच कायद्याची दुसरी बाजू कटंगीसारख्या गावाला लगेच लागली. आरोग्याशी संबंधित विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, असे ठरवून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ प्रवेश बंद केले. निर्णयामागचा विचार समजण्यासारखा आहे. समोर माणूस बसलेला नसताना, कुणी अनुभवी व्यक्ती आपले काम पाहत नसताना ही विद्या येत नाही. पण इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची मानसशास्त्राची एम. ए. काही हजारांत होत असे. सकाळी शाळेत शिकवून, संध्याकाळी स्वयंपाक आटोपून पुस्तक उघडणाऱ्या बायकांचा तो रस्ता होता. तो मिटला आणि त्याच्या जागी तालुक्याजवळ स्वस्त वर्ग उघडले नाहीत. आता पदवी हवी तर गाव सोडावे लागते आणि गाव सोडले की खर्च हजारांतून लाखांत जातो.

कर्ज कुणाच्या सहीचे?

सरकारी विद्यापीठाच्या विभागात फी आजही मध्यम घराला झेपेल अशी असते, खर्च राहण्या-जेवणाचा. खासगी विद्यापीठांत दोन वर्षांची फीच दोन लाखांपासून सहा-सात लाखांपर्यंत जाते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, चार ते साडेसात लाखांना जामीनदार लागतो आणि अभ्यासक्रमानंतर वर्षभर हप्त्याची सवलत मिळते. परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज-सवलत मिळते आणि जामीनदाराची अट नाही. मात्र ती निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे; सुरुवातीला अशा ८६० होत्या. म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्थेचे नाव त्या यादीत शोधणे हे पहिले काम. भपकेबाज जाहिरात करणारी संस्था यादीत असेलच असे नाही.

शेतकरी घरात या कर्जाला एक वेगळा पदर आहे आणि तो बँकेच्या टेबलाशी बसल्याशिवाय दिसत नाही. अर्जावर मुलीच्या शेजारी वडिलांची सही सहकर्जदार म्हणून असते. त्याच वडिलांचे किसान क्रेडिट कार्डाचे खाते बहुधा त्याच शाखेत असते. दर हंगामाला खत-बियाण्यासाठी पैसे उचलायचे आणि धान विकल्यावर भरायचे, यावर वर्षाचे चाक फिरते. मुलीचा हप्ता तीन महिने थकला तर वडिलांची पतही खाली येते, आणि पुढच्या पेरणीआधी मर्यादा वाढवून मागायला गेलेला माणूस ‘आधी ते खाते नीट करा’ ऐकून परत येतो. मुलगी नागपुरात विनावेतन प्रशिक्षणाचे तास भरत असते आणि तिकडे बांधावर त्याची झळ पोचलेली असते.

लग्न हा दुसरा पदर. या शाखेत मुलींची संख्या मोठी आहे. हप्ते सुरू होतात ते तेवीस-चोविसाव्या वर्षी, म्हणजे नेमके स्थळे येण्याच्या काळात. कर्ज माहेरचे, पगार सासरचा, असा वाद ज्या घरांत झाला त्यांनी पुढच्या मुलीला कर्ज काढू दिले नाही. शैक्षणिक कर्जाचा विचार करताना हा विषय आधीच मोकळेपणी बोलून घेतलेला बरा.

पगाराच्या पाट्या

आता दुसरी बाजू. सरकारी जाहिराती हा सगळ्यांत भरवशाचा पुरावा, कारण त्यांत आकडा छापलेला असतो.

केंद्रीय विद्यालयांत कंत्राटी समुपदेशकाचे मानधन अनेक वर्षे दरमहा २६,२५० रुपये राहिले. पात्रता पाहिली तर मानसशास्त्राची पदवी आणि समुपदेशनाचे प्रमाणपत्र किंवा पदविका. म्हणजे एम. ए. नसली तरी चालते, असली तर पगार वाढत नाही. नवोदय विद्यालय समितीने २०२३ च्या सुमारास समुपदेशक नेमले ते दरमहा ४४,९०० रुपयांवर; सातव्या वेतन आयोगाच्या सातव्या स्तराचे हे पहिले मूळ वेतन. तिथे मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी हवी आणि मार्गदर्शन-समुपदेशनाची एक वर्षाची पदविकाही. बालाघाट जिल्ह्याचे नवोदय वारासिवनीला आहे, कटंगीहून बालाघाटच्या वाटेवर. घरून ये-जा करून करता येईल अशी ही जिल्ह्यातली बहुधा सर्वांत चांगल्या मानधनाची जागा. पण जागा एकच आणि नेमणूक सत्रापुरती.

आरोग्य खात्यात एचआयव्ही तपासणी केंद्रांचे समुपदेशक आहेत, किशोरवयीनांसाठीच्या केंद्रांत आहेत. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रे मध्य प्रदेशात ‘उमंग’ आणि महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावाने ओळखली जातात. महिलांसाठीच्या सखी केंद्रांत मनोसामाजिक समुपदेशक असतो, मध्य प्रदेशातल्या जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याचे मनकक्ष आहेत. या जागांचे मानधन बहुधा वीस हजारांच्या आसपास फिरते. करार अकरा महिन्यांचा किंवा वर्षाचा. आणि उमेदवारांत मानसशास्त्राबरोबर समाजकार्य, समाजशास्त्र, कधी परिचर्या शिकलेलेही असतात. एचआयव्ही कार्यक्रमाच्या नियमांत हे सगळेच पात्र आहेत. खासगी शाळा यापेक्षा कमी देतात आणि समुपदेशकाकडे इंग्रजीचे तास, स्नेहसंमेलन, प्रवेशाच्या चौकश्या असे बरेच काही सोपवतात.

वीस हजारांतून ९,९०० गेले की १०,१०० उरतात. तेवढ्यात नागपुरात खोलीभाडे, डबा, बस आणि फोन भागवायचा. घरी पाठवायला काही उरत नाही. उलट घरूनच तांदळाचे पोते येते.

खासगी काम: दिसते तेवढे आणि उरते तेवढे

‘एका तासाचे हजार रुपये’ हे वाक्य पुष्कळांना या क्षेत्राकडे ओढते. मुंबई-पुण्यात अनुभवी समुपदेशक त्याहून जास्त घेतात, हे खरे. नवशिक्याचा हिशेब मांडून पाहावा. नागपुरात फी ८०० रुपये ठेवली, आठवड्याला दहा वेळा दिल्या, त्यांतल्या दोन ऐनवेळी रद्द झाल्या. महिन्याला ३२ तास, २५,६०० रुपये. खोली तासाने घेतली तर तासाला १५० रुपयांप्रमाणे ४,८०० गेले. आपले काम ज्येष्ठ व्यक्तीला दाखवून दुरुस्त करून घेणे या व्यवसायात अत्यावश्यक असते. महिन्यातून दोनदा दीड-दीड हजार धरले तर आणखी ३,०००. उरले १७,८००. त्यातून कर्जाचा हप्ता गेला की आठ हजारही राहत नाहीत. आणि हे दहा लोक पहिल्या वर्षी येतातच असे नाही. दिवसाला चार-पाच तासांपेक्षा जास्त हे काम नीट करता येत नाही, म्हणून वकील किंवा डॉक्टराप्रमाणे संख्या वाढवून उत्पन्न वाढवण्याची सोयही कमी.

कटंगीत हा हिशेब मांडायलाच घेऊ नये असा आहे. २०२५-२६ मध्ये मध्य प्रदेशात रोजगार हमीचा दिवसाचा दर २६१ रुपये होता. सीमेपलीकडे महाराष्ट्रात ३१२. पाचशे रुपये फी म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, तीही गोळी नाही, सुई नाही, नुसते बोलण्यासाठी. ज्यांना परवडते त्यांची अडचण वेगळी. औषधाच्या दुकानावरची खोली, रस्त्यावरून दिसणारा जिना, आणि कोणाची सून वर गेली हे संध्याकाळपर्यंत बसस्थानकावर पोचलेले. अशी माणसे नागपूरला जाऊन दाखवणे पसंत करतात. विमाही मदतीला येत नाही: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांइतकेच विमासंरक्षण द्यायला सांगितले, पण नेहमीची पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावर चालते, आठवड्याच्या भेटीवर नाही.

फोन आणि पडदा यांनी थोडी वाट काढली आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत चालते आणि मराठी-हिंदीसह अनेक भाषांत बोलणारे समुपदेशक तिला लागतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल सेवा २०१२ पासून चालू आहे. मराठी, हिंदी आणि पोवारी या तिन्हींत दुःख ऐकून घेऊ शकणारी व्यक्ती अशा कामात मोलाची आहे, आणि ती तयार होते कटंगी-तुमसरच्या पट्ट्यातच.

पदवीशिवाय केलेले काम

या आढाव्यात एक अवघड पान आहे, ते वगळून चालणार नाही. गोव्यातली संगत ही संस्था १९९६ पासून काम करते. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकींची पद्धत बसवली आणि ती चालवायला मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसे प्रशिक्षण देऊन उभी केली. त्याचा गुण २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्र सरकारनेही २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो आशा कार्यकर्त्यांच्या बळावर, १४ जिल्ह्यांत.

गावाच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट. पदवीधराच्या दृष्टीने प्रश्न उभा राहतो: बारावी झालेली बाई हे काम करू शकते तर माझ्या दोन वर्षांचे काय? उत्तर याच प्रकल्पांच्या रचनेत आहे. स्थानिक कार्यकर्तीला शिकवणारा, तिच्या बैठकी तपासणारा, अवघड रुग्ण ओळखून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणारा एक प्रशिक्षित माणूस प्रत्येक ठिकाणी लागला. पदव्युत्तर समुपदेशकाची खरी जागा ही आहे. सरकारी कार्यक्रमांत आशा आहेत, जिल्ह्याला डॉक्टर आहे. मधली, तालुक्याची पायरी कुठल्याच आकृतिबंधात नाही. कटंगीला ती पायरी असती तर पगाराचा प्रश्न निम्मा सुटला असता.

महाराष्ट्रात संस्थांनी मात्र दुसरे उदाहरण घालून दिले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभे केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, डॉ. आनंद नाडकर्णी यांची १९९० पासूनची ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, मानसशास्त्राचा शाळेत वापर करणारी पुण्याची ज्ञान प्रबोधिनी. अशा ठिकाणी नवा समुपदेशक एकटा पडत नाही. खोली, रुग्ण, देखरेख आणि नाव संस्थेचे असते. वर केलेल्या हिशेबातले खर्चाचे दोन मोठे आकडे तिथे गळून पडतात. बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात असे घर अजून उभे राहायचे आहे.

परदेशी जाऊन सुटते का?

काही मराठी घरांतली मुले हा विषय शिकायला अमेरिकेत जातात. तिथल्या श्रमखात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीत मानसिक आरोग्य समुपदेशकांचा मध्यम वार्षिक पगार ५९ हजार डॉलरच्या आसपास आहे. रुपयांत तो भव्य दिसतो, डॉलरच्या भाड्यात नाही. परवान्यासाठी पदवीनंतर राज्यानुसार साधारण दोन ते चार हजार तास देखरेखीखाली काम करावे लागते. सार्वजनिक सेवेत १२० हप्ते भरले की उरलेले कर्ज माफ करणारी योजना तिथे २००७ पासून आहे, पण ती संघीय सरकारच्या कर्जांना लागू आणि विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्याला ते कर्जच मिळत नाही. ब्रिटनमध्ये चिकित्सा मानसशास्त्राच्या डॉक्टरेटचे विद्यार्थी राष्ट्रीय आरोग्य सेवेचे पगारी प्रशिक्षणार्थी असतात. राज्याला माणूस हवा असेल तर राज्य त्याच्या शिक्षणाचा भार उचलते, ही त्यामागची साधी रीत. आपल्याकडे गरज देशाची आणि कर्ज वडिलांचे, अशी वाटणी झाली आहे.

हप्ता ठरवून मग प्रवेश

ही वाटणी बदलेपर्यंत घरांनी काय करावे? अमेरिकेतले सल्लागार एक ठोकताळा सांगतात: एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराहून मोठे नसावे. तो कटंगीला लावला तर वीस हजारांच्या पगाराने वर्षाचे २,४०,००० होतात. एवढेच कर्ज दोन समान भागांत घेतले तर वर सांगितलेल्या अटींनी हप्ते सुरू होताना ते तीन लाख होते आणि सात वर्षांत पाच हजारांच्या आतल्या हप्त्याने फिटते. या रकमेला तारणही लागत नाही. सहा लाखांच्या खासगी पदवीला हा ठोकताळा सरळ नाही म्हणतो.

म्हणून सरकारी विद्यापीठाचा विभाग पहिला पर्याय ठरतो. त्याला एनसीईआरटीच्या मार्गदर्शन-समुपदेशन पदविकेची जोड द्यावी. तिचे एक केंद्र भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत आहे आणि शाळांतल्या जागांना नेमकी अशीच पदविका लागते. प्रवेश घेताना संस्थेला दोन प्रश्न विचारावेत: प्रत्यक्ष कामाचे किती तास, कुणाच्या देखरेखीखाली? आणि गेल्या तुकडीतले किती जण आज पगारावर आहेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माहितीपुस्तकात नसेल तर दुसऱ्याचे उत्तर ऐकायची गरज उरत नाही.

पदे वाढण्याची एक खूण मात्र अलीकडे दिसली आहे. २५ जुलै २०२५ ला सुकदेब साहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अंतरिम मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा जोडून घ्यावा, असे त्यात म्हटले आहे आणि शिकवणी वर्गही त्यात येतात. ‘नेमावा’ आणि ‘जोडून घ्यावा’ यांत पगाराचा सगळा फरक साठलेला आहे. जोडून घेतलेला माणूस महिन्यातून एकदा येऊन सही करून जातो. नेमलेल्याला खोली लागते, वेळापत्रक लागते, वेतनाचे शीर्ष लागते.

कटंगीचे शासकीय महाविद्यालयही या सूचनेच्या कक्षेत येते. तिथल्या सूचनाफलकावर कधी ‘परामर्शदाता, एक पद’ अशी नोटीस लागली तर तिच्या खालच्या दोन ओळी नीट वाचाव्यात: मुदत किती महिन्यांची, आणि मानधन किती.